वाळवंटातली चाल आणि गावच्या तळ्यातला गाळ



गावच्या कामाला पैसा कमी पडला की आपण मुंबईकडे बघतो. पोराच्या शाळेची खोली असो, देवळाचा कळस असो नाहीतर पाझर तलावातला गाळ असो, मुंबईकर मंडळींच्या बैठकीत विषय निघतो आणि वर्गणीचा आकडा ठरतो. माण-खटावची निम्मी बांधकामे अशीच उभी राहिली म्हटले तरी चालेल. पण हल्लीची पोरे वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरायला कंटाळतात. त्यांनी एक नवीच वाट काढली आहे. तिच्याविषयी आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात कामानिमित्त मुंबईला गेलो होतो. माण तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाची रविवारी दिंडोशीत बैठक होती. "साहेब, आलाच आहात तर टेकून जा," असा निरोप आला म्हणून गेलो. मेट्रोच्या दिंडोशी स्थानकावर उतरलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की छत्री उघडून उपयोग नव्हता. मुंबईच्या या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी आपण पेढे वाटतो. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत चाळीस माणसे दाटीने बसली होती, बाहेर गटारे भरून वाहत होती आणि आत चर्चा चालली होती गावच्या कोरड्या तलावाची.

दिंडोशीला पाण्याची किंमत कळत नाही असे मात्र समजू नका. गोरेगावात पाण्यासाठी झगडून 'पाणीवाली बाई' म्हणून नाव मिळवलेल्या मृणाल गोरे यांच्या पुढाकारातूनच नागरी निवारा परिषदेची वसाहत याच दिंडोशीच्या डोंगराकडेला उभी राहिली. सामान्य माणसांनी एकत्र येऊन, पै पै भरून घरे कशी मिळवली, हे इथल्या जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही.

तर बैठकीत एक तरणा पोरगा उठला आणि म्हणाला, "आम्ही पंधरा जण राजस्थानच्या वाळवंटात शंभर किलोमीटर चालणार. प्रत्येक किलोमीटरला लोकांकडून पैसे घ्यायचे. जे जमेल ते तळ्याच्या गाळाला." टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला बसलेले एक तात्या, गोदीत आयुष्य काढलेले, शांतपणे म्हणाले, "बाळा, चालायचंच तर आपलं माण काय कमी वाळवंट हाय का? तिकिटाचा पैसा तळ्यातच घाल की."

सगळे हसले आणि माझ्याकडे वळले. मला त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो, कारण हा प्रश्न एका गावचा नाही.

वाळवंट पायी ओलांडणारी मराठी मुलगी

वाळवंटात चालायचे खूळ परदेशी माणसांचेच, असे वाटत असेल तर पुण्याच्या सुचेता कडेठाणकर यांचे उदाहरण लक्षात ठेवा. २०११ साली त्यांनी मंगोलियातले गोबीचे वाळवंट पायी ओलांडले. अंतर १,६२३ किलोमीटर, काळ ५१ दिवस आणि वर काही तास. १५ जुलै २०११ रोजी चाल संपली. रिपली डेव्हनपोर्ट यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या देशांची माणसे त्या मोहिमेत होती. ही मजल मारणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

आपल्या मापात सांगतो. आळंदी ते पंढरपूर ही वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. म्हणजे अशा साडेसहा वाऱ्या एका दमात. रोजची सरासरी काढली तर साडेएकतीस किलोमीटर पडते, तीही लागोपाठ सात आठवडे. वारीत दर दोन-चार कोसांवर गाव येते, चहा मिळतो, पाण्याचा टँकर उभा असतो. गोबीत दिवसच्या दिवस वस्ती दिसत नाही. लागले तर मेंढपाळाचे गोल नमद्याचे घर आणि एखादी विहीर. अशा मुलखात ओझ्याला दोन मदारींचा उंट लागतो.

गोबी म्हणजे नुसते वाळूचे ढीग नव्हेत. बराच भाग खडकाळ, मुरमाड माळरानच आहे. उन्हाळ्यात चाळीस अंशांपर्यंत ऊन आणि हिवाळ्यात उणे चाळीसपर्यंत थंडी. तिथे पाऊस का पडत नाही? तर दक्षिणेकडचा हिमालय आणि तिबेटचे पठार ढग अडवतात. आता आपल्याकडे पाहा. सह्याद्री ढग अडवतो, महाबळेश्वर न्हाऊन निघते आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो. कारण तेच, फक्त माप लहान. तात्या माणला वाळवंट म्हणाले ते अगदीच चुकीचे नव्हते.

अशी चाल पायांच्या ताकदीवर होत नाही. ती होते तयारीवर आणि शिस्तीवर. किती पाणी, किती मुक्काम, कोणाचा पाय सुजला, कोण मागे राहिले, याची रोज नोंद घ्यावी लागते. ही नोंदीची सवय पुढे पैशाच्या बाबतीतही उपयोगी पडते, म्हणून तिचा उल्लेख केला.

चालण्याचे पैसे कोण आणि का देतो?

इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. चालणारा किंवा धावणारा म्हणतो, मी अमुक अंतर जातो, तुम्ही अमुक कामाला दर मैलामागे अमुक द्या. कॅनडाचा टेरी फॉक्स हा तरुण कर्करोगाने एक पाय गमावल्यावर १९८० साली कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला आणि रोग पुन्हा उलटल्याने थांबला. पुढच्या वर्षी तो वारला, पण कर्करोगाच्या संशोधनासाठी कोट्यवधी डॉलर उभे राहिले आणि त्याच्या नावाने आजही जगभर लोक धावतात.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू आहे. तिथेही धावणारे अनेक जण सामाजिक संस्थांसाठी निधी गोळा करतात. आणि माणदेशाला या शर्यतीचा अभिमान वाटावा असे नाव आहेच. मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक काढला. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आपल्या पायांत दम आहे, हे सिद्ध करायला जैसलमेरला जायची गरज नाही.

मग लोक वाळवंट का निवडतात? कारण साधे आहे. देणाऱ्याला वाटते, हा माणूस आपल्यासाठी काहीतरी सोसतो आहे. नुसते "वर्गणी द्या" म्हटले तर खिशात हात जात नाही. "उन्हात शंभर किलोमीटर चालतो, किलोमीटरला दहा रुपये द्या" म्हटले की हजार रुपये सहज निघतात. यात फसवणूक काही नाही. आपले लोक कऱ्हेचे पाणी खांद्यावर घेऊन सासवडहून चालत येतात, मुंगी घाटाची उभी चढण चढून शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाला घालतात. ती कावड टेम्पोतून आणली असती तर कोण पाया पडला असता? सोसण्याला मान आहे, तो राहू द्या.

तीन लाखांचा हिशेब

पण सोसणे एका बाजूला आणि हिशेब दुसऱ्या बाजूला. तो आता मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही आपापल्या भावाने बदलून घ्या.

पंधरा चालणारे, प्रत्येकी शंभर किलोमीटर. प्रत्येकाला वीस देणारे मिळाले आणि त्यांनी किलोमीटरमागे दहा रुपये दिले. एका चालणाऱ्याचे वीस हजार, पंधरांचे तीन लाख रुपये.

आता खर्च. रेल्वे, जीप, उंटवाला, वाटाड्या, जेवण, तंबू मिळून माणशी आठ हजार धरा. पंधरांचे एक लाख वीस हजार. हा खर्च जमलेल्या पैशातून केला तर तळ्याला उरतात एक लाख ऐंशी हजार. म्हणजे शंभरातले चाळीस रुपये वाटेतच संपले.

आता हेच गाळात मोजू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढा गाळ निघाला की तळ्यात साधारण २,८३० लिटर पाण्याची जागा होते. काढणी-भरणीचा दर ब्रासला दीडशे रुपये धरला तर तीन लाखांत दोन हजार ब्रास, एक लाख ऐंशी हजारांत बाराशे ब्रास. फरक आठशे ब्रासचा. म्हणजे जवळजवळ साडेबावीस लाख लिटर पाण्याची जागा. दहा हजार लिटरचे सव्वादोनशे टँकर. एप्रिलमध्ये टँकरच्या मागे कळशी घेऊन पळणाऱ्या बाईला विचारा, सव्वादोनशे टँकर म्हणजे काय ते.

म्हणून माझे उत्तर असे. पोरांनो, वाळवंटात जरूर जा. तरुणपणी नाही जायचे तर कधी? पण जाण्या-येण्याचा खर्च स्वतःच्या पगारातून करा आणि लोकांचा रुपया न् रुपया तळ्यात घाला. परदेशातही दोन्ही पद्धती चालतात. कुठे चालणारा आपला खर्च आपण करतो, कुठे तो गोळा केलेल्या निधीतून वळता होतो. दुसऱ्या पद्धतीवर तिकडेही लोक नाक मुरडतात. निदान देणाऱ्याला आधी सांगा, की तुमच्या शंभरातले इतके प्रवासाला जाणार. कळून दिले तर तक्रार नाही, नंतर कळले तर मन उडते.

ज्याला स्वतःचा खर्च झेपत नाही त्याने माणमध्येच चालावे. दहिवडीहून शिंगणापूर, तिथून आपापल्या गावच्या तळ्यापर्यंत, उन्हातान्हात. कोणी कमी लेखणार नाही.

विनोबांची चाल आणि सातबारा

चालून मागण्यात आपल्या मराठी माणसाची बरोबरी कोणी करणार नाही. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. भूमिहीनांनी जमीन मागितली आणि गावच्या एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. तिथून विनोबा तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दानात जाहीर झाली. जगात पायी चालून एवढे दान कोणी मिळवले नसेल.

पण तलाठी भाऊसाहेबांना पुढची गोष्ट माहीत असते. जाहीर झालेल्या जमिनीतली पुष्कळशी खडकाळ निघाली, काही वादातली, काहीवर कर्ज. बरीचशी वाटलीच गेली नाही. सभेत हात वर झाला तो दिवस वेगळा आणि भूमिहीनाच्या नावाचा सातबारा निघाला तो दिवस वेगळा. मधल्या कामाला माणसे कमी पडली. विनोबांच्या पायांत कसूर नव्हती, मागच्या कागदांत होती.

तिकडचे ताजे उदाहरणही असेच आहे. २०२० साली कॅप्टन टॉम मूर हे शंभरीला आलेले इंग्रज सैनिक हाताने ढकलायच्या चौकटीच्या आधाराने घरच्या अंगणात शंभर फेऱ्या चालले. हजार पौंड जमावेत अशी इच्छा होती, जमले तीन कोटी पौंडांहून जास्त. ते सरकारी दवाखान्यांना मदत करणाऱ्या संस्थांना पोचलेही. पण त्यांच्या नावाने नंतर जी वेगळी संस्था काढली, तिच्या कारभारात गैरवर्तन आणि गैरव्यवस्थापन झाल्याचा ठपका २०२४ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने ठेवला. म्हातारा माणूस निर्मळ मनाने चालला, आणि नावाला मात्र डाग लागला.

माझी चूक

दुसऱ्यांचे सांगतो आहे, तर स्वतःचेही सांगायला हवे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावात ओढ्यावरच्या बंधाऱ्यासाठी लोकवर्गणी काढली. मी पुढे होतो, पावतीपुस्तक माझ्या पिशवीत असायचे. बंधारा झाला, पाणी अडले, सगळे खूश. जमाखर्च मी वहीत व्यवस्थित लिहिला होता. पण ग्रामसभेत वाचून दाखवायचा राहून गेला. आज वाचू, उद्या वाचू, तेवढ्यात पेरणी आली.

दोन वर्षांनी बंधाऱ्याची भिंत एका अंगाने खचली. दुरुस्तीला फार नाही, थोडेच पैसे लागणार होते. मी पुन्हा पिशवी घेऊन गेलो. एक आजीबाई म्हणाल्या, "मागल्या टायमाला पन्नास दिलं हुतं, त्याचं काय झालं ते कुनी सांगितलं न्हाई." वही माझ्या घरी होती. एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता. तरीही गावाने दिले नाही आणि पुढच्या पावसात भिंत गेली. गावाने मला चोर म्हटले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. आणि त्यांचे बरोबर होते.

चालायचे ठरले तर

आता कामाच्या गोष्टी. आधी पैशाच्या:

१. ग्रामसभेत ठराव करा. तलाव ज्या खात्याचा आहे त्याची लेखी परवानगी घ्या. मंडळ नोंदलेले नसेल तर वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात विचारणा करा.

२. पैसे बँकेच्या वेगळ्या खात्यात, दोन सह्यांनी. एक सही मुंबईकराची, एक गावकऱ्याची. शक्यतो एक सही बाईमाणसाची असावी.

३. पावती प्रत्येकाला, दहा रुपये असले तरी. आयकराची सवलत फक्त त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवर मिळते आणि रोखीने दोन हजारांपेक्षा जास्त दिले तर मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा.

४. चावडीवर फळा लावा. त्यावर चारच ओळी: जमा, खर्च, शिल्लक, निघालेला गाळ किती ब्रास. दर आठवड्याला बदला.

आता शरीराच्या. वाळवंट असो की माण, चालणाऱ्याने रोज पाच-सहा लिटर पाण्याची सोय ठेवावी. तहान लागायची वाट बघू नये. नुसते पाणीही ढोसू नये, घामावाटे मीठ जाते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी घरी होते. पहाटे चारला निघावे, अकराला सावली धरावी, ऊन कलल्यावर पुन्हा चालावे. नवे बूट घालून कधीही निघू नये. महिनाभर वापरलेले, थोडे सैल बूट आणि मोज्यांचे दोन कोरडे जोड ठेवावेत. रक्तदाब, साखर किंवा छातीचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. चालता चालता कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले आणि तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी "अजून दोनच किलोमीटर राहिलेत" असे म्हणायचे नाही. चाल अर्धी राहिली तरी वर्गणी देणारा रागवत नाही.

आणि गाळाच्या. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य शासनाची योजना आहे. कृषी आणि जलसंधारण खात्यांकडे चौकशी केल्याशिवाय स्वतःचा पैसा घालू नका. बांधाच्या पायथ्याशी यंत्र लावू नका, अंतर किती सोडायचे ते अभियंत्याकडून खुणा करून घ्या. गाळ टाकायचा तो हलक्या, मुरमाड रानात. आधीच भारी काळे रान असेल तर गाळाने निचरा बिघडतो. टाकण्याआधी गाळाची आणि रानाची माती तपासून घ्या, क्षार व चुनखडी जास्त असेल तर फायद्याऐवजी तोटा होईल. सगळे काम पावसाआधी संपवा.

शेवटी

हे सगळे मी दिंडोशीच्या मंडळाला पत्राने कळवले. परवा तात्यांचा फोन आला. सहा जण थंडीत स्वतःच्या खर्चाने राजस्थानला जाणार आहेत, बाकीचे नऊ माणमध्ये चालणार आहेत. तात्या स्वतः किती चालणार विचारले तर म्हणाले, "गुडघं ऱ्हायलं न्हाईत साहेब. म्या फळ्यावर आकडं लिवनार."

मला वाटते, तात्यांकडेच सगळ्यात लांबची चाल आली. चालणारे चार-पाच दिवसांत घरी येतील. फळा मात्र पाऊस पडून तळे भरेपर्यंत लिहावा लागेल.

माझे किलोमीटरमागे दहा रुपये, शंभर किलोमीटरचे, मी कळवून टाकले आहेत. पावती फाडून ठेवा म्हटले आहे. हिशेब ऐकायला ग्रामसभेला स्वतः येणार आहे. तुमच्याही गावात असा बेत चालला असेल तर आधी फळा आणि खडू आणा, बूट नंतर.